चित्रांत प्राण घालण्याचा व्यवसाय

गेल्या कांहीं वर्षांत आमचे जुने विद्यार्थी व त्यांच्या घरचीं वडील माणसें यांच्याकडून जीं पत्रें येतात, त्यांत एक प्रश्न वारंवार दिसूं लागला आहे. मुलाला अथवा मुलीला ॲनिमेशन शिकावयाचें आहे. आजोबांच्या मतें हा पोरखेळ. काकांच्या मतें संगणकाचा धंदा म्हणजे हमखास पगार. आईचें म्हणणें एवढेंच कीं लेकराचा हात चांगला आहे. शहरांतील एखाद्या शिकवणीवर्गाचें रंगीत माहितीपत्रक घरांत येऊन पडलेलें असतें, आणि त्यांतील शुल्काचा आंकडा कांहीं लाखांचा असतो. ही रक्कम बहुधा आजीच्या ठेवींतून किंवा कर्ज काढून उभी राहावयाची असते. तेव्हां प्रश्न एकट्या मुलाचा राहत नाहीं. आमचें आयुष्य संस्कृत शिकविण्यांत गेलें व कुंचला आम्हीं कधीं हातीं धरला नाहीं. तथापि आमच्या हाताखालून गेलेले तिघेचौघे ह्या व्यवसायांत आहेत. त्यांच्याकडून जें कळलें व आम्हीं जें वाचलें, त्यावरून चार शब्द लिहितों.

प्रथम नांवाविषयीं. ॲनिमेशन हा शब्द लॅटिन भाषेंतील 'अनिमा' ह्या शब्दावरून आला. त्याचा अर्थ श्वास, प्राण. आपल्या 'प्राण' शब्दांत श्वास घेणें ह्या अर्थाचा जो 'अन्' धातु आहे, तो व हा लॅटिन शब्द एकाच कुळांतले होत. म्हणजे ह्या विद्येस यथार्थ मराठी नांव द्यावयाचें तर 'चित्रांची प्राणप्रतिष्ठा' असेंच द्यावें लागेल. हा केवळ शब्दविलास नव्हे. संगणकावर चित्र हलविणें आज कोणासही साधतें. पण त्या हललेल्या चित्रांत कोणी जिवंत आहे असें पाहणाऱ्यास वाटावयास लावणें हें निराळें, आणि ह्या धंद्यांत मोल आहे तें ह्या दुसऱ्या गोष्टीस.

आतां कामाचा हिशेब पाहा. चित्रपटांत एका सेकंदास २४ चौकटी डोळ्यांपुढून सरकतात. हातानें काढलेल्या पटांत पुष्कळदां एकच चित्र दोन चौकटी ठेवितात. तरी सेकंदास १२ व मिनिटास ७२० चित्रें होतात. दीड तासाच्या पटांत १,२९,६०० चौकटी भरतात. वॉल्ट डिस्ने यांचा 'स्नो व्हाइट' १९३७ सालीं लोकांपुढें आला, त्यामागें शेंकडों माणसांचे सुमारें तीन वर्षांचे श्रम होते. १९९५ सालीं 'टॉय स्टोरी' हा सर्वस्वीं संगणकावर केलेला पहिला पूर्ण लांबीचा पट निघाला, व तेव्हांपासून मोठ्या कंपन्यांचा ओढा तिकडे वळला. प्रत्येक चौकट हातानें रेखाटण्याचें कारण उरलें नाहीं हें खरें. परंतु पात्राचें पाऊल टेकलें कोठें, भार कोणत्या पायावर गेला, डोळे वळल्यावर मान किती उशिरां वळली, हें कुशल माणसानेंच ठरवावें लागतें. म्हणून पालकांनीं पहिली परीक्षा ही घ्यावी. मुलास एक शंभर पानी वही द्यावी, आणि तींत पानागणिक किंचित् बदलत जाणारें एकच चित्र काढावयास सांगावें : चेंडूची उसळी, झोपलेल्या मांजराचें उठणें, कांहींही. पानें भरभर सोडलीं कीं चित्र चालूं लागतें. जो ही वही अर्ध्यावर टाकून सिनेमे पाहूं लागतो, त्याला ॲनिमेशन पाहण्याची आवड आहे, करण्याची नाहीं. पाहण्याची आवड असण्यांत लाजिरवाणें कांहीं नाहीं. पण तिच्यासाठीं लाखांचें शुल्क भरण्याचेंही कारण नाहीं.

ह्या बाबतींत दादासाहेब फाळके यांचें चरित्र घरांत अवश्य वाचावें. त्र्यंबकेश्वरच्या ह्या शास्त्रीपुत्रानें १८८५ सालीं मुंबईच्या जे. जे. कलाशाळेंत प्रवेश घेतला, पुढें बडोद्याच्या कलाभवनांत शिक्षण घेतलें, आणि छायाचित्रण, मुद्रण अशीं कामें करीत चाळिशीपर्यंत आपला हात तयार केला. १९१२ सालीं विलायतेहून यंत्र आणल्यावर त्यांनीं एकदम पौराणिक पट हातीं घेतला नाहीं. कुंडींत वाटाणा पेरून त्याची वाढ चौकट चौकट करून टिपली, आणि 'अंकुराची वाढ' हा इवलासा पट भांडवल देऊं शकणाऱ्या मंडळींस दाखविला. अंकुर पाहून पैसा उभा राहिला, सरस्वतीबाईंनीं आपले दागिने पुढें केले, व १९१३ सालीं 'राजा हरिश्चंद्र' प्रसिद्ध झाला. पुढें १९१५ च्या सुमारास त्यांनीं 'आगकाड्यांची मौज' हा छोटा पट केला. काड्या जरा जरा सरकवून एकेक चौकट घ्यावयाची, अशी त्याची रीत. आपल्या देशांतील ॲनिमेशनचा इतिहास सांगणारे बहुधा येथूनच प्रारंभ करितात. सरस्वतीबाईंचे दागिने सर्वांस ठाऊक आहेत. त्यापूर्वीं वाटाणा उगवला होता, हें मात्र घरांत शुल्काची चर्चा चालली असतांना फारसें कोणी काढीत नाहीं.

वाटाणा उगवावयाचा कसा? विष्णुधर्मोत्तर पुराणांत एक सुंदर संवाद आहे. वज्र राजा मार्कंडेय ऋषींस मूर्ति घडविण्याचें शास्त्र विचारतो. ऋषि सांगतात कीं त्यासाठीं आधीं चित्रविद्या जाणली पाहिजे, चित्रासाठीं नृत्य, नृत्यासाठीं वाद्य, आणि वाद्यासाठीं गीत. राजा मूर्ति मागावयास गेला, तो गाण्याच्या शाळेंत पोहोंचला! पण चालत्या चित्रास हें अक्षरशः लागू आहे. डिस्नेकडील दोन जुने कलावंत, फ्रँक थॉमस व ऑली जॉन्स्टन, यांनीं १९८१ सालीं आपल्या ग्रंथांत ह्या कलेचीं बारा तत्त्वें मांडलीं. तीं पाहिलीं तर सगळी गोष्ट गतीची, तालाची व अभिनयाची आहे. चेंडू आपटला म्हणजे चपटा होतो, परंतु त्याचें आकारमान घटत नाहीं. उडी मारणारा आधीं खालीं दबतो. धांवणारी थबकली तरी तिचा पदर क्षणभर पुढें जातो. हें शिकावयास एस. टी. च्या स्थानकासारखी शाळा नाहीं. जड बोचकें उचलण्यापूर्वीं बाई पाय कसे रोवते, म्हातारा पायरी उतरतांना हात कोठें टेकतो, हें पाहून दोन दोन मिनिटांचीं रेखाटनें करावीं. आमच्या एका विद्यार्थिनीनें वर्षभर घरांतील पणजीचे हात काढले : वाती वळतांना, जपमाळ ओढतांना, पदराच्या गांठीचें नाणें सोडतांना. प्रवेशाच्या मुलाखतींत तिचीं संगणकावरचीं झगझगीत चित्रें बाजूस राहिलीं, आणि परीक्षक त्या वहीचींच पानें उलटीत बसले.

सर्वांसच उत्तम चित्र आलें पाहिजे असें मात्र नाहीं. एका पटास कथेचा चित्ररूप आराखडा करणारे, पात्रांचे आकार घडविणारे, त्या आकारांत हाडें व सांधे बसविणारे, हालचाल देणारे, प्रकाश योजणारे आणि शेवटीं सर्व थर जुळविणारे असे अनेक कसबी लागतात. हाडें-सांधे बसविणाऱ्यास रिगर म्हणतात. त्या कामास गणिताची गोडी व थोडी संगणकाची भाषा येणारा मुलगा चित्रकारापेक्षां अधिक उपयोगीं पडतो. प्रकाशाच्या कामास छायाचित्रकाराची नजर लागते.

आतां वर्गांविषयीं. आमच्या एका विद्यार्थ्याच्या वडिलांनीं, टपाल खात्यांतील बेताच्या पगारावर, कर्ज काढून चार लाख रुपये भरले. वर्गाचें नांव देण्याचें प्रयोजन नाहीं. दोन वर्षांत मुलास पांच-सहा संगणकीय साधनांचीं बटणें शिकविलीं. समोर मनुष्य बसवून रेखाटन एकदांही करविलें नाहीं. नोकरीची जी हमी होती ती अशी फळली कीं परदेशी चित्रपटांतील नटांच्या केसांभोंवतीं चौकटीगणिक रेघ मारून त्यांस पार्श्वभूमीपासून वेगळें करावयाचें काम मिळालें. आठ महिन्यांनीं तें काम संपलें, त्याबरोबर नोकरी संपली. कर्जाचे हप्ते वडील अजून फेडीत आहेत, आणि मुलगा रात्रीं जेवणें आटोपल्यावर माडीवर बसून चेंडूच्या उसळीपासून पुन्हां आरंभ करीत आहे. म्हणून वर्गांत पैसे भरण्यापूर्वीं तेथील शिक्षकांनीं स्वतः कोणत्या पटांवर काम केलें आहे तें विचारावें, दोन वर्षांपूर्वीं बाहेर पडलेल्या पांच विद्यार्थ्यांस प्रत्यक्ष भेटावें, आणि मध्येंच सोडल्यास किती पैसे परत मिळतील तें लेखी घ्यावें. साधनांसाठीं तर पैसे भरण्याची निकड मुळींच नाहीं. ब्लेंडर नांवाचें साधन फुकट मिळतें. लॅटव्हिया ह्या छोट्या देशांतील गिंट्स झिल्बालोडिस यांनीं त्यावरच केलेल्या 'फ्लो' ह्या निःशब्द पटास २०२५ सालीं ऑस्कर मिळालें.

धंद्याची स्थिति लपवून ठेवणें बरें नव्हे. आपल्याकडील ह्या कामाचा मोठा भाग परदेशी कंपन्यांवर अवलंबून आहे, आणि तिकडे खांब हलला कीं इकडे छप्पर येतें. 'लाइफ ऑफ पाय' ह्या चित्रपटाच्या दृश्यकरामतींस २०१३ सालीं ऑस्कर मिळालें, त्याच महिन्यांत तें काम करणाऱ्या ऱ्हिदम अँड ह्यूज ह्या अमेरिकन कंपनीनें दिवाळें काढलें. तिच्या शाखा मुंबई-हैदराबादेसही होत्या. फेब्रुवारी २०२५ मध्यें टेक्निकलर ह्या फ्रेंच समूहाचा डोलारा कोसळला, तेव्हां बंगळूर व मुंबई येथील हजारों माणसें एकाएकीं घरीं बसलीं. त्यांत आतां कृत्रिम बुद्धिमत्तेची भर पडली आहे. केसांभोंवतीं रेघ मारण्यासारखें काम यंत्र बऱ्याच अंशीं करूं लागलें आहे, व उमेदवारीचीं कामें अशींच असल्यामुळें नवशिक्याची पहिली पायरीच निसटूं पाहत आहे. ह्यावरून मुलांस ह्या वाटेस जाऊंच देऊं नये असें आम्ही म्हणत नाहीं. ज्याची वही भरली आहे त्यास अवश्य जाऊं द्यावें. पण रीतसर पदवीसह, आणि कथा सांगण्याची संवय लावून. विजया मुळे यांनीं लिहिलेला, भीमसेन यांनीं केलेला व राम मोहन यांनीं ज्याचीं चित्रें योजिलीं तो 'एक अनेक और एकता' हा १९७४ चा लहानसा पट आजच्या मानानें अगदीं साध्या साधनांनीं केला आहे. तरी दूरदर्शनपुढें वाढलेली पिढी तो अजून आपल्या मुलांस दाखविते.

रीतसर शिक्षणाची वाट शाळेंतूनच सुरू होते. एलिमेंटरी व इंटरमिजिएट ह्या रेखाकलेच्या परीक्षा दहावीपूर्वीं द्याव्यात. बारावीनंतर अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेंत ह्या विषयाचा स्वतंत्र अभ्यासक्रम आहे, व तिची परीक्षाही वेगळी आहे; मुंबईच्या आय. आय. टी. सारख्या संस्थांतील डिझाइनच्या पदवीसाठीं यूसीड ही परीक्षा असते. मुंबईच्या जे. जे. मध्यें उपयोजित कला शिकून ह्या क्षेत्रांत गेलेलेही पुष्कळ आहेत. पदवी दुसऱ्या विषयाची झाली असेल तरी सीड परीक्षा देऊन आय. आय. टी. मुंबईच्या आय. डी. सी. मध्यें ॲनिमेशनचें पदव्युत्तर शिक्षण घेतां येतें. पुढें नोकरी मागतांना कामाचा नमुनापट दाखवावा लागतो. तो मिनिटभराचाच असावा, सर्वांत चांगलें काम आरंभीं घालावें, आणि दुसऱ्याच्या हातचें एक चित्रही आपलें म्हणून घालूं नये. यूसीड व सीड यांचे अर्ज बहुधा ऑक्टोबरांत निघतात व परीक्षा जानेवारींत होतात. तेव्हां यंदा अकरावींत असलेल्या मुलास वह्या भरावयास एक दिवाळीची व एक उन्हाळ्याची सुटी मिळते.