सरकारी वेबसाइट आणि न वाचलेली उत्तरे

२०२३ च्या गणेशोत्सवात मंडळाच्या महाप्रसादाच्या रांगेत उभा होतो. एका वहिनींनी मला बाजूला घेतले. "भाऊजी, तुम्ही सरकारी वेबसाइटचंच काम करता ना? मग हे काय आहे ते जरा सांगा," असे म्हणून त्यांनी पर्समधून एक पत्र काढले. त्यांच्या सात वर्षांच्या मुलाचा मेडिकेडचा विमा बंद झाल्याचे ते पत्र होते. कारण दिले होते: आवश्यक कागदपत्रे मिळाली नाहीत. मग त्यांनी फोन उघडून दाखवला. त्यावर त्याच ऑफिसच्या वेबसाइटने दिलेली पोच होती: आपली कागदपत्रे मिळाली.

मुलाला दमा आहे. विमा बंद झाल्याचे वहिनींना पत्रातून कळलेच नव्हते. पत्र यायच्या दोन दिवस आधी औषधाच्या दुकानात पंप भरून घ्यायला गेल्या, तेव्हा काउंटरवरच्या मुलीने सांगितले. मागे रांग, शेजारी खोकणारा मुलगा, आणि कार्ड चालत नाही. तो प्रसंग सांगताना त्यांचा आवाज बदलला.

मी एका राज्याच्या आरोग्य विमा खात्यासाठी कंत्राटी पद्धतीने काम करणारा सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. वहिनींची फाईल माझ्या ऑफिसातल्याच कुठल्या तरी संगणकात होती. पण ओळखीच्या माणसाची फाईल उघडणे नियमाबाहेर आहे आणि ते योग्यच आहे. त्यामुळे त्या दिवशी मी एवढेच सांगू शकलो, की पोच छापून ठेवा, उद्या सकाळी फोन लावा आणि नवा अर्ज करू नका. मात्र एकाच ऑफिसातून दोन उलट उत्तरे कशी जातात, याचे उत्तर मला ठाऊक होते. ते आपल्या वाचकांपुढे मांडावे म्हणून हा लेख. आपल्यापैकी कोणाला उद्या याची गरज पडेल, सांगता येत नाही.

मेडिकेड आपल्याला कशाला?

ज्येष्ठांसाठीचे मेडिकेअर वेगळे आणि कमी उत्पन्नाच्या कुटुंबांसाठीचे मेडिकेड वेगळे. मेडिकेडचे नाव काढले की आपल्याकडे थोडे अवघडल्यासारखे होते. "आपण काय सरकारी मदतीवर जगणार?" असा सूर लागतो. पण नोकरी कोणाची केव्हा जाईल याचा नेम नाही. वहिनींच्या यजमानांची नोकरी कपातीत गेली. पुढे मिळाली ती लहान कंपनीत, कमी पगारावर, आणि तिथे कुटुंबाचा विमा परवडणारा नव्हता. ग्रीन कार्डला पाच वर्षे झाली नसल्याने आईवडिलांना मेडिकेड मिळण्यासारखे नव्हते. मुलगा मात्र इथे जन्मलेला, म्हणजे अमेरिकन नागरिक. त्यामुळे तो पात्र होता. घर एक, पण प्रत्येकाची पात्रता वेगळी. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे तो पुन्हा येणार आहे.

करोनाच्या काळात, मार्च २०२० च्या कायद्याने, राज्यांनी कोणाचे मेडिकेड बंद करायचे नाही असे ठरले. त्या बदल्यात केंद्राकडून जादा पैसे मिळत. ही सवलत ३१ मार्च २०२३ ला संपली आणि सगळ्या राज्यांना सगळ्यांची पात्रता नव्याने तपासावी लागली. तीन वर्षांत लोकांचे पत्ते, फोन, नोकऱ्या सारे बदललेले. केएफएफ ही संस्था याची मोजदाद करत होती. तिच्या हिशेबाने या तपासणीत किमान २ कोटी ५० लाख लोकांचा विमा बंद झाला. त्यांतल्या दर दहापैकी जवळपास सात जणांचा विमा गेला तो अपात्र ठरल्यामुळे नव्हे, तर कागद वेळेत पोचला नाही, अर्ज परत आला नाही, अशा कारणांमुळे. म्हणजे त्यांतले कितीजण खरोखर अपात्र होते, हे कोणी तपासलेच नव्हते.

तीन नवी साधने

या कामासाठी आमच्या खात्याने तीन गोष्टी केल्या. पहिली, वेबसाइटवर प्रत्येकाचे खाते, ज्यात घरबसल्या कागद चढवता येतील. दुसरी, फोनवर संदेश पाठवण्याची सोय. (जानेवारी २०२३ मध्ये एफसीसीने सरकारी खात्यांना या कामासाठी असे संदेश पाठवता येतील असे स्पष्ट केले होते.) तिसरी, कर्मचाऱ्यांसाठी एक आतली सामायिक जागा. कोणाला काही अडले तर तिथे विचारायचे, ज्याला माहीत असेल त्याने लिहायचे, म्हणजे एकच प्रश्न दहा गावच्या ऑफिसांत दहा वेळा सोडवावा लागणार नाही. तिन्ही गोष्टी वेळेवर तयार झाल्या. आम्ही इंजिनिअर मंडळींनी एकमेकांच्या पाठी थोपटल्या.

आणि मग एकेक करून त्यांचे काय झाले ते पाहा.

वेबसाइटवर चढवलेला कागद एका रांगेत जाऊन पडे. कारकुनाने तो उघडून फाईलला जोडला की मग तो 'मिळाला' असे मुख्य प्रोग्रॅम समजे. हा मुख्य प्रोग्रॅम जुना, रात्री चालणारा. मुदत संपली आणि फाईलला कागद जोडलेला नाही, की तो बंदचे पत्र छापायला पाठवून देई. वेबसाइट म्हणे मिळाला, रात्रीचा प्रोग्रॅम म्हणे नाही मिळाला. आपापल्या परीने दोघेही खरेच बोलत होते. वहिनींचा कागद या दोघांच्या मधल्या रांगेत पडून होता.

संदेशांची गोष्ट तर मला आजही बोचते. आम्ही लोकांना कळवले, "आपली मुदत जवळ आली आहे, खाते तपासा." हा संदेश एकतर्फी होता, उलट उत्तर देण्याची सोय आम्ही केलीच नव्हती. पण फोनवर संदेश आला की माणूस उत्तर देतो. "मी घर बदललंय, नवा पत्ता कुठे कळवू?" "आई आजारी आहे, तिच्या वतीने मी सही करू का?" अशी उत्तरे शेकड्यांनी येत होती. ती एका पेटीत जमा होत होती, आणि ती पेटी उघडणे हे कोणाचेच काम नव्हते. वरच्या मजल्यावर बैठका चालल्या होत्या, की लोकांचे नवे पत्ते मिळवावेत तरी कसे. आणि ज्यांचे पत्ते बदलले ते लोक आम्हाला आपणहून कळवत होते.

तिसरी सामायिक जागा जवळजवळ रिकामीच राहिली. सुरुवातीला मला वाटले, जुनी माणसे, नवीन शिकायला नको. मग एके दिवशी मी वीस वर्षे नोकरी केलेल्या एका बाईंच्या शेजारी जाऊन बसलो. त्यांच्या टेबलावर पिवळ्या चिठ्ठ्यांचे जाळे होते. अडलेल्या प्रत्येक प्रकारच्या फाईलचे उत्तर त्या चिठ्ठ्यांत होते. मी विचारले, "हे तुम्ही संगणकावर का लिहीत नाही?" त्या शांतपणे म्हणाल्या, "माझं काम मोजतात ते दिवसाला किती फायली निकाली काढल्या त्यावर. दुसऱ्याला उत्तर लिहिण्यात अर्धा तास गेला, तर तो माझ्या नावावर तूट म्हणून लागतो. शिवाय तिथे लिहिलेलं सरकारी दफ्तर होतं. उद्या कोणी मागवून घेतलं आणि माझं उत्तर चुकीचं ठरलं, तर?"

इंजिनिअरिंगच्या चार वर्षांत दोन यंत्रे एकमेकांशी कशी बोलतील हे आम्ही शिकलो. दोन माणसे एकमेकांशी का बोलत नाहीत, हे कुठल्याच पेपरात नव्हते.

दुरुस्ती कशी झाली

रात्रीच्या प्रोग्रॅममधला बदल अगदी लहान होता: रांगेत न उघडलेला कागद असेल तर बंदचे पत्र थांबवा. लिहायला एक दुपार पुरली, मंजुरीला मात्र कित्येक आठवडे गेले. 'सरकारी काम, सहा महिने थांब' ही म्हण सातासमुद्रापलीकडेही लागू पडते!

संदेशांची ती पेटी रोज सकाळी उघडण्याचे काम दोघांवर सोपवण्यात आले. नुसत्या संदेशावरून पत्ता बदलता येत नाही, पण त्या माणसाला फोन तर करता येतो. आणि चिठ्ठ्यांच्या बाईंना आठवड्यातून काही ठरावीक तास उत्तरे लिहिण्यासाठी दिले गेले. ते तास काम म्हणून धरले जाऊ लागले आणि प्रत्येक उत्तर एका वरिष्ठाने तपासून सही करायचे ठरले, म्हणजे चूक एकट्यावर येणार नाही. मग ती सामायिक जागा हळूहळू भरू लागली. यांतल्या कशालाही नवीन साधन विकत घ्यावे लागले नाही.

हे आमच्याच खात्यात झाले असे नाही. ऑगस्ट २०२३ मध्ये केंद्राच्या सीएमएस या खात्याने राज्यांना पत्र पाठवले. अनेक राज्यांचे संगणक आपोआप होणाऱ्या नूतनीकरणात प्रत्येक व्यक्तीची पात्रता वेगळी न पाहता सबंध घराची एकत्र पाहत होते. घरातल्या एकाची माहिती अपुरी, तर पात्र असलेल्या मुलांचाही विमा अडकायचा. सप्टेंबरात जाहीर झाले, की ही चूक वॉशिंग्टन डीसी धरून ३० राज्यांत होती, आणि जवळपास ५ लाख मुलांना व इतरांना विमा परत मिळणार होता. मूळ चूक एवढीच, की 'घर' आणि 'माणूस' यांतला फरक प्रोग्रॅममध्ये धरलेला नव्हता.

त्याआधीचे मोठे उदाहरण हेल्थकेअर डॉट गव्हचे. १ ऑक्टोबर २०१३ ला ही वेबसाइट सुरू झाली आणि पहिल्या दिवशी शेवटपर्यंत पोचून विमा निवडू शकलेले लोक होते सहा! अनेक कंत्राटदार कंपन्या, प्रत्येकीचा तुकडा वेगळा, आणि सबंध चित्र पाहणारे कोणी नाही. दुरुस्तीसाठी बाहेरून आलेल्या मंडळींनी पहिल्यांदा काय केले असेल? सर्वांना दिवसातून दोनदा एकत्र बसवले. बैठकीचे नियम साधे होते: दोष कोणाचा यावर इथे बोलायचे नाही, आणि ज्याला त्या विषयाची सर्वांत जास्त माहिती आहे त्याने बोलायचे, त्याचा हुद्दा काहीही असो. दोन महिन्यांत वेबसाइट बऱ्यापैकी उभी राहिली.

आपण काय करावे

वाचकहो, सरकारी ऑफिस सुधारेल तेव्हा सुधारेल. आपल्या हातात आहे ते असे:

१. घर बदलले की पोस्टाला कळवतो तसे विमा खात्यालाही स्वतंत्र कळवा. पोस्टात कळवलेला पत्ता खात्याच्या फाईलमध्ये गेला असेल असे गृहीत धरू नका.

२. वेबसाइटवर खाते उघडा. 'कागदी पत्र नको' असे निवडले असेल तर खात्यातली संदेशपेटी महिन्यातून एकदा तरी उघडा.

३. कागद चढवला की पोच छापून ठेवा. आठवडाभराने खात्यात स्थिती पाहा. बदल नसेल तर फोन करा आणि तारीख, वेळ, बोलणाऱ्याचे नाव वहीत लिहा.

४. घरातल्या प्रत्येकाची पात्रता वेगळी आहे. आईवडिलांना 'नाही' म्हटले म्हणून मुलांनाही 'नाही' असे समजू नका. १ जानेवारी २०२४ पासून १९ वर्षांखालील मुलांना, एकदा पात्र ठरली की, साधारणपणे सलग १२ महिने संरक्षण द्यावे लागते.

५. कागद न पोचल्यामुळे मुलाचा विमा बंद झाला तर ९० दिवसांच्या आत तेच कागद दिल्यास नवा अर्ज न करता फेरविचार होतो. पत्रात दाद मागण्याची तारीखही असते, ती चुकवू नका.

६. नूतनीकरणासाठी पैसे मागणारा किंवा सोशल सिक्युरिटी नंबर मागणारा संदेश आला तर समजा, तो लबाड आहे. त्यातल्या दुव्यावर जाऊ नका. पत्रावर छापलेल्या नंबरलाच फोन करा.

हे सारे जुने झाले असे समजू नका. जुलै २०२५ च्या कायद्यानुसार, ज्या राज्यांनी मेडिकेडचा विस्तार केला तिथे त्या गटातल्या प्रौढांची पात्रता २०२६ च्या अखेरीपासून दर सहा महिन्यांनी तपासायची आहे. म्हणजे पूर्वीपेक्षा दुप्पट वेळा कागद, दुप्पट वेळा पोच, आणि चुकण्याच्या दुप्पट संधी.

वहिनींनी दुसऱ्या दिवशी फोन लावला. पन्नास मिनिटे संगीत ऐकले, पोचेवरचा क्रमांक वाचून दाखवला आणि काही दिवसांत मुलाचा विमा पुन्हा सुरू झाला. दरम्यान त्यांनी एक पंप पदरच्या पैशाने घेतला होता. पुढच्या कार्यक्रमात भेटल्या तेव्हा म्हणाल्या, "भाऊजी, वेबसाइट चांगलीच आहे हो तुमची. पण तिच्या मागे कोणीतरी बसलेलं असू द्या."

त्यांचे हे वाक्य मी ऑफिसात इंग्रजी करून सांगितले. चिठ्ठ्यांच्या बाईंनी ते एका पिवळ्या चिठ्ठीवर लिहून घेतले आणि टेबलावर चिकटवले.