रक्तात भरपूर, मेंदूत टंचाई : फोलेटचा अडलेला प्रवास

झाशीच्या जुन्या शहराला तट होता आणि तटाला दरवाजे. दतिया गेट, ओरछा गेट, सागर गेट, भांडेर गेट ही नावे आजही तेथील वस्त्यांना चिकटून आहेत. ज्या गावाची वाट ज्या दरवाजातून निघे, त्याचे नाव त्या दरवाजाला मिळाले. मानवी मेंदूच्या संरक्षणाची व्यवस्था समजून घेण्यास हा नकाशा उपयोगी पडतो. तेथेही प्रत्येक दरवाजा ठरावीक प्रवाशांसाठीच राखलेला असतो.

मेंदूतील केशवाहिन्यांच्या पेशी एकमेकींना इतक्या घट्ट जोडलेल्या असतात की, पाण्यात विरघळणाऱ्या बहुतेक पदार्थांना त्यांच्यामधून वाट मिळत नाही. हाच रक्त-मेंदू अडथळा. शरीराच्या वजनाच्या जेमतेम २ टक्के असलेला मेंदू सुमारे २० टक्के ऊर्जा वापरतो. त्यासाठी लागणारे ग्लुकोज ‘ग्लुट-१’ या वाहक प्रथिनाद्वारे आत येते. मोठ्या अमिनो आम्लांसाठी ‘लॅट-१’ हे निराळे प्रथिन आहे. कंपवातावरील लेव्होडोपा हे औषध याच वाटेने शिरते, तर खुद्द डोपामाइन बाहेरच अडते. प्रथिनयुक्त जेवणासोबत ही गोळी घेतल्यास काही रुग्णांना गुण कमी येतो, त्यामागे याच वाटेवरील गर्दी हे एक कारण आहे.

डीएनएच्या घटकांची व्यवस्था अधिक गुंतागुंतीची आहे. हे घटक मेंदू काही अंशी स्वतः घडवतो, तर काही न्यूक्लिओसाइडच्या रूपात वाहक प्रथिनांमार्फत मिळवतो. घडवण्यासाठी, विशेषतः थायमिनच्या निर्मितीसाठी, फोलेट म्हणजेच बी-९ जीवनसत्त्व लागते. प्रौढ मेंदूतील चेतापेशी सहसा विभाजित होत नाहीत. तरीही डीएनएची दुरुस्ती अखंड चालते आणि वाढत्या बालकाच्या मेंदूची गरज तर मोठीच असते.

या जीवनसत्त्वाच्या शोधाचा एक धागा मुंबईचा आहे. ब्रिटिश डॉक्टर ल्युसी विल्स १९२८ मध्ये मुंबईत आल्या आणि गर्भवती स्त्रियांमधील गंभीर रक्तक्षयाचा अभ्यास करू लागल्या. या रुग्णांत गिरणी कामगार स्त्रिया होत्या. यीस्टच्या अर्काने हा रक्तक्षय बरा होतो, हे त्यांनी १९३१ मध्ये प्रसिद्ध केले. अर्कातील तो अनामिक घटक पुढे फोलेट म्हणून ओळखला गेला. १९४० च्या दशकात अमेरिकेतील लेडर्ली प्रयोगशाळेत यल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या चमूने फॉलिक आम्ल कृत्रिमरीत्या तयार केले.

रक्तक्षय ही रक्तातील टंचाई होती. औषध पोटात गेले की ती भरून निघे. मेंदूचा प्रश्न निराळा. फोलेटचा मुख्य दरवाजा केशवाहिन्यांत नसून ‘कोरॉइड प्लेक्सस’ या, मेंदूच्या पोकळ्यांतील झालरीसारख्या ऊतीत आहे. दररोज सुमारे अर्धा लिटर मेरुद्रव प्रामुख्याने तेथेच तयार होतो. तेथील ‘फोलेट ग्राहक अल्फा’ हे प्रथिन रक्तातील फोलेट पकडून पलीकडे पोहोचवते. त्यामुळे निरोगी व्यक्तीच्या मेरुद्रवातील फोलेट रक्तद्रवातील पातळीच्या काही पट असते.

या ग्राहकाच्या जनुकात दोष असल्यास रक्ततपासणीचा अहवाल निर्दोष येतो आणि मेंदू मात्र उपाशी राहतो. सुरुवातीला नेहमीप्रमाणे वाढणारे मूल शिकलेली कौशल्ये गमावू लागते, तोल जातो, झटके येतात. या विकारामागचा जनुकीय दोष २००९ मध्ये उघड झाला. निदानासाठी पाठीच्या कण्यातून मेरुद्रव काढून तपासावा लागतो. ही तपासणी कोणत्याही पालकाला धास्ती वाटावी अशीच आहे; पण ती टाळल्यास उपचारयोग्य विकार हातचा निसटू शकतो.

या मुलांना फॉलिक आम्लाची नेहमीची गोळी देऊन भागत नाही. ते आम्ल ग्राहकाला घट्ट चिकटते आणि उरलीसुरली वाटही अडवू शकते. म्हणून फोलिनिक आम्ल दिले जाते; ते दुसऱ्या वाहकामार्फत मेंदूपर्यंत पोहोचू शकते. उपचार जितके लवकर, तितकी सुधारणा अधिक, असा अनुभव आहे. अलीकडे ऑटिझमवरील सरसकट उपाय म्हणूनही या औषधाची चर्चा होते. त्यासाठीचा पुरावा अद्याप तोकडा असून, वैद्यकीय सल्ल्याविना मुलांना ते देणे योग्य नाही.