स्वरांची ठेव : घरच्या घरी ध्वनिमुद्रणासाठी यंत्र निवडताना

पंडित विष्णु नारायण भातखंडे १९०८ साली उत्तर हिंदुस्थानच्या संगीतयात्रेस निघाले, तेव्हा त्यांच्या वाटेवर जबलपूर होते. पुढे अलाहाबाद, बनारस, लखनौ, दिल्ली, जयपूर अशी त्यांची भ्रमंती झाली. ठिकठिकाणच्या गुणिजनांकडून मिळालेल्या चिजा त्यांनी स्वरलिपीत बद्ध केल्या आणि ‘क्रमिक पुस्तक मालिके’च्या सहा भागांतून विद्यार्थ्यांच्या हाती दिल्या. संगीतजगतावरचे हे ऋण न फिटणारे आहे. तरीही कागदाला एक मर्यादा असतेच. चीज वहीत उतरते. ती गाणाऱ्याचा कंठ, त्याची आस, दोन स्वरांमधली मींड वहीत उतरत नाही.

गायनाचार्य भास्करबुवा बखले (१८६९-१९२२) यांचे उदाहरण या संदर्भात मनाला चटका लावणारे आहे. पुण्यात १९११ साली ‘भारत गायन समाज’ स्थापन करणारे, ‘स्वयंवर’ नाटकाला संगीत देणारे, बालगंधर्व आणि मास्टर कृष्णराव यांचे हे गुरू. भारतात व्यावसायिक ध्वनिमुद्रणाला १९०२ साली कलकत्त्यात आरंभ झाला. गौहर जान यांचे गाणे तेव्हा एका हॉटेलच्या खोलीत मुद्रित झाले होते. म्हणजे बुवांच्या आयुष्यातील अखेरची वीस वर्षे ध्वनिमुद्रणाच्या युगातलीच होती. असे असूनही बुवांच्या गायनाची एकही ध्वनिमुद्रिका आज उपलब्ध नाही. त्यांचे गाणे कसे होते हे शिष्यांच्या आठवणींवरून ताडावे लागते.

संस्कारधानीतील घरगुती मैफल

आचार्य विनोबा भावे यांनी ज्या शहराला ‘संस्कारधानी’ म्हटले, त्या जबलपुरात मराठी कुटुंबांचे वास्तव्य जुने आहे. १९५६ साली राज्यपुनर्रचना होईपर्यंत जबलपूर आणि नागपूर एकाच प्रांतात होते. रेल्वे, संरक्षण साहित्याचे कारखाने, न्यायालये आणि शिक्षणसंस्था यांच्या निमित्ताने आलेली मराठी माणसे नर्मदेच्या या परिसरात स्थिरावली. उस्ताद अल्लाउद्दीन खाँ यांची कर्मभूमी असलेले मैहर येथून रेल्वेने काही तासांच्या अंतरावर आहे. अशा वातावरणात गाण्याची आवड असलेल्या घरांची वाण नाही. कोठे आजींना जुनी नाट्यपदे आणि भजने मुखोद्गत असतात, कोठे वडील नोकरीतून निवृत्त झाल्यावर पुन्हा तबल्याकडे वळलेले असतात, तर कोठे नात गिटारवर स्वतःच्या चाली बांधत असते.

या तिन्ही पिढ्यांना आज एकच प्रश्न पडतो : आपले गाणे चांगल्या प्रतीने, घरच्या घरी, कोणाच्या मदतीवाचून कसे मुद्रित करावे? भ्रमणध्वनीवर ते होते. परंतु त्यात सारे आवाज एकत्र मिसळून जातात. तबला मोठा झाला आणि आजींचा आवाज दबला, तर नंतर त्यावर फारसा उपाय राहत नाही. या अडचणीवरचा उपाय म्हणजे सहज उचलून नेता येणारे डिजिटल मल्टिट्रॅक रेकॉर्डर.

एक यंत्र, अनेक मार्गिका

मल्टिट्रॅकचे तत्त्व सोपे आहे. प्रत्येक आवाज स्वतंत्र मार्गिकेवर, म्हणजे ट्रॅकवर, मुद्रित होतो. त्यामुळे प्रत्येकाची पातळी नंतर कमी-जास्त करता येते, चुकलेला भाग पुन्हा वाजवता येतो आणि आधी मुद्रित झालेले ऐकत त्यावर नवा आवाज चढवता येतो. अमेरिकी गिटारवादक लेस पॉल यांच्यासाठी अँपेक्स कंपनीने १९५७ साली आठ ट्रॅकचे यंत्र बनवले, तेव्हा ते कपाटाएवढे होते. १९७९ साली टास्कॅमने साध्या कॅसेटवर चार ट्रॅक मुद्रित करणारे ‘पोर्टास्टुडिओ १४४’ बाजारात आणले आणि स्टुडिओ टेबलावर आला. १९८२ साली ब्रूस स्प्रिंगस्टीन यांनी आपल्या राहत्या घरी याच यंत्रावर काही गाणी कच्च्या स्वरूपात मुद्रित केली. वाद्यवृंदासह केलेल्या नंतरच्या मुद्रणात ती भावावस्था उतरली नाही. म्हणून ‘नेब्रास्का’ या संग्रहात घरचे मुद्रणच प्रसिद्ध झाले.

आज कॅसेटची जागा बोटाच्या पेराएवढ्या मेमरी कार्डाने घेतली आहे. टास्कॅमची ‘डीपी’ मालिका, झूमची ‘एच’ आणि ‘आर’ मालिका, बॉसची ‘बीआर’ मालिका ही या क्षेत्रातली परिचित नावे. पर्याय भरपूर असल्यामुळेच खरेदी करणारा गोंधळतो. वेष्टनावर ठळक छापलेल्या ट्रॅकच्या संख्येला भुलून अनेकांची निवड चुकते.

पहिला प्रश्न : एकाच क्षणी किती आवाज?

यंत्रात एकूण किती ट्रॅक आहेत आणि एकाच वेळी किती ट्रॅकवर मुद्रण होते, या दोन भिन्न गोष्टी आहेत. खरेदीपूर्वी हा भेद ध्यानात घेणे सर्वांत महत्त्वाचे. टास्कॅम डीपी-००८ या यंत्रात आठ ट्रॅक असले तरी एका वेळी दोनच मुद्रित होतात. झूम आर८ चेही तसेच. याउलट झूम आर१६ मध्ये सोळा ट्रॅक असून एका वेळी आठ आवाज घेता येतात. झूम एच४एन एका वेळी चार, तर एच६ एका वेळी सहा ट्रॅक मुद्रित करते. या प्रकारच्या यंत्रांची किंमत एकूण ट्रॅकपेक्षा एकाच वेळी घेता येणाऱ्या आवाजांच्या संख्येबरोबर अधिक चढत जाते, असा साधारण अनुभव आहे.

आता घराची गरज पाहावी. स्वतः चाल बांधून आधी गिटार, मग बासरी, मग गायन असे एकामागून एक थर चढवणाऱ्या नातीला दोन आवाज घेणारे आठ ट्रॅकचे लहान यंत्र पुरेसे आहे. २०२४ साली आलेले झूमचे ‘आर४ मल्टिट्रॅक’ हे खिशात मावणारे यंत्र अशाच एकट्या कलावंतासाठी आहे. ख्यालगायनाची गोष्ट मात्र वेगळी. तेथे गायक आणि तबलजी समेवर एकमेकांची वाट पाहतात, लय श्वासागणिक किंचित हलते, संवादिनी गळ्याचा मागोवा घेते. आधी तबला मुद्रित करून त्यावर नंतर गायन चढवले, तर ताल बरोबर येईल, पण संवाद हरवेल. अशा घराने गायन, संवादिनी, डग्गा आणि तबला यांसाठी एकाच वेळी किमान चार आवाज घेणारे यंत्र निवडावे. तानपुरा आधी स्वतंत्र ट्रॅकवर घेऊन सर्वांना हेडफोनवर ऐकवता येतो, एवढीच सवलत येथे संभवते.

माइक, विद्युत आणि अंतर

यंत्र कितीही उत्तम असले तरी आवाज आत शिरतो तो माइकमधूनच. गायनासाठी जगभर वापरला जाणारा शुअर एसएम५८ हा १९६६ साली आलेला डायनॅमिक माइक असून त्याला वेगळी विद्युत लागत नाही. तानपुऱ्याचे सूक्ष्म गुंजन टिपणाऱ्या कंडेन्सर माइकला मात्र यंत्राकडून ४८ व्होल्टचा पुरवठा व्हावा लागतो; त्यास ‘फँटम पॉवर’ म्हणतात. टास्कॅम डीपी-००४ सारख्या खिशातल्या यंत्रात ही सोय नाही. काही यंत्रांत ती सर्वच छिद्रांना नसून दोनच छिद्रांना असते. म्हणून आपल्याकडील माइक यंत्राला जोडून, हेडफोन लावून, प्रत्यक्ष ऐकूनच खरेदी करावी.

दोन माइक वापरताना एक जुना नियम उपयोगी पडतो : माइक आणि कलावंत यांच्यातले अंतर एक फूट असेल, तर दुसरा माइक पहिल्यापासून निदान तीन फूट दूर असावा. तसे न केल्यास तबल्याचा आवाज गायकाच्या ट्रॅकवर पसरतो आणि वेगळे ट्रॅक घेण्याचा हेतूच फसतो.

जबलपूरच्या उन्हाळ्यात आणखी एक अडचण येते. पारा ४० अंशांच्या वर गेला की पंखा आणि कूलर बंद करणे अवघड होते, आणि त्यांची घरघर प्रत्येक ट्रॅकवर उमटते. पहाटेची वेळ, जाड पडदे, गादी, सतरंजी आणि पुस्तकांचे कपाट असलेली खोली यांमुळे पैसा न खर्चता मुद्रणाचा दर्जा सुधारतो. पावसाळ्यात तबल्याची पुडी नरमते आणि दमट हवा कंडेन्सर माइकलाही बाधते. माइकच्या पेटीत सिलिका जेलच्या पुड्या ठेवाव्यात. घराच्या वायरिंगमुळे गुणगुण ऐकू येत असल्यास यंत्र बॅटरीवर चालवून पाहावे. अनेकदा ती तत्क्षणी थांबते. यास्तव बॅटरीवर चालण्याची सोय असणे हा मोठाच गुण समजावा.

साठवणुकीचे गणित

१६ बिट आणि ४४.१ किलोहर्ट्झ हे सीडीचे परिमाण. या परिमाणाने एका ट्रॅकचे एक मिनिट सुमारे ५.३ मेगाबाइट जागा घेते. आठ ट्रॅकचा एक तास सुमारे अडीच गिगाबाइट होतो. २४ बिट आणि ४८ किलोहर्ट्झने तोच तास सुमारे ४.१५ गिगाबाइटवर जातो. म्हणजे ३२ गिगाबाइटच्या कार्डावर साडेसात तासांचे मुद्रण सहज मावते. २४ बिटचा लाभ असा की आवाजाची पातळी थोडी खाली ठेवूनही मुद्रण स्वच्छ राहते, आणि तार षड्जावर आवाज अचानक चढला तरी फाटत नाही. अलीकडच्या काही यंत्रांतील ३२ बिट फ्लोट पद्धतीत तर पातळी चुकली तरी ती नंतर सावरता येते. ज्या घरात यंत्र हाताळणारा आणि गाणारा एकच, तेथे ही सोय मोलाची.

जुने यंत्र विकत घेणाऱ्यांनी दोन गोष्टी अवश्य तपासाव्यात. कित्येक जुनी यंत्रे ३२ गिगाबाइटपेक्षा मोठे कार्ड स्वीकारत नाहीत. तसेच काही यंत्रे ट्रॅक स्वतःच्या खास स्वरूपात साठवतात. ते ‘वेव्ह’ स्वरूपात रूपांतरित करून संगणकावर नेले नाहीत, तर यंत्र बिघडताच ध्वनीही अडकून पडतो.

खर्चाचा ताळेबंद

यंत्राची किंमत ही खर्चाची केवळ पहिली नोंद होय. माइक, माइकचा स्टँड, चांगल्या तारा, बंद कपांचा हेडफोन, कार्ड आणि पुन्हा चार्ज होणाऱ्या बॅटऱ्या यांची बेरीज आधीच करावी. सर्व रक्कम यंत्रावर खर्चून स्वस्त माइक घेण्यापेक्षा मध्यम यंत्र आणि उत्तम माइक हा सौदा अधिक शहाणपणाचा. ज्यांच्या घरी चांगला संगणक आहे आणि तो हाताळण्याची सवय आहे, त्यांनी संगणकाला जोडण्याच्या ऑडिओ इंटरफेसचाही विचार करावा. तो बहुधा कमी खर्चात होतो. मात्र ज्येष्ठांना संगणकाच्या पडद्यापेक्षा एक लाल बटण अधिक आपलेसे वाटते, हेही विसरू नये.

खरेदी पक्क्या बिलानेच करावी आणि भारतात मिळणाऱ्या दुरुस्तीच्या हमीची खात्री करून घ्यावी. परदेशातून नातेवाइकांनी आणलेले यंत्र स्वस्त भासते, परंतु त्याची हमी येथे लागू होईलच असे नाही. घाई नसल्यास आवर्ती ठेवीचा मार्ग उत्तम. दरमहा २,००० रुपये बाजूला ठेवल्यास वर्षअखेर २४,००० रुपये मुद्दल आणि वर व्याज हाती येते. तोपर्यंत आपली गरज दोन आवाजांची की चार, याचाही उलगडा झालेला असतो.

ठेव सुरक्षित कशी राहील?

मुद्रण झाल्यावर काम संपत नाही. कार्ड हरवते, यंत्र जुने होते. प्रत्येक मुद्रणाच्या किमान दोन प्रती निरनिराळ्या ठिकाणी ठेवाव्यात. एक घरी, दुसरी परगावी असलेल्या मुलाकडे किंवा मुलीकडे. धारिकेच्या नावातच गाणाऱ्याचे नाव, राग आणि दिनांक लिहावा. चीज कोणाकडून मिळाली, हे गाण्यापूर्वी गायकाच्याच तोंडून दोन वाक्यांत वदवून घ्यावे. भातखंड्यांच्या वहीत जे मावू शकले नाही, ते अशा दोन वाक्यांत आणि त्यापुढच्या दहा मिनिटांत सामावते.

यंत्राची निवड महिनाभर लांबली तर बिघडत नाही. पुढच्या महिन्यात अधिक चांगले यंत्रही येईल. घरातील ज्येष्ठांच्या कंठाबाबत मात्र अशी खात्री देता येत नाही. म्हणून मनाजोगते यंत्र येईपर्यंत, हाताशी जे असेल त्यावर, येत्या रविवारी पहाटे पंखा बंद करून आजींचे एक भजन मुद्रित करून ठेवावे. यथावकाश यंत्र घरी येईल तेव्हा ते पुन्हा, अधिक नीटपणे घेता येईल. आणि काही कारणाने तसे घडले नाहीच, तरी भजन घरात राहील.