दगडफुलाच्या पुडीत नेमके काय? एका थेंबाने पटते दोन प्रजातींची ओळख

जयपूर : मराठी घरांत गोडा मसाल्यात पडणारे दगडफूल जयपूरच्या मसाल्याच्या दुकानांत ‘पत्थर फूल’ या नावाने मिळते. आयुर्वेदात ते ‘शैलेय’ आहे. प्रत्यक्षात ते फूलच नाही. बुरशी आणि शैवाल यांच्या सहजीवनातून घडलेले ते शैवाक, म्हणजे लायकेन होय. हिमालयात आणि दक्षिणेकडील डोंगरांत झाडांच्या सालींवर व खडकांवर ते वाढते. राजस्थानच्या कोरड्या मैदानी भागात माल येतो तो बाहेरूनच.

भारतीय आयुर्वेदीय औषधकोशात शैलेय म्हणून ‘पार्मेलिया पर्लाटा’ या प्रजातीची नोंद आहे. तिचे आजचे नाव ‘पार्मोट्रेमा पर्लाटम’. बाजारातील दगडफुलात मात्र तिच्याच कुळातील ‘पार्मोट्रेमा टिंक्टोरम’ आणि अन्य शैवाकेही मिसळलेली आढळतात. मसाल्यात ही सरमिसळ खपून जाते. औषधात ती खपू नये. राष्ट्रीय आयुर्वेद संस्था ज्या शहरात आहे, तेथे हा प्रश्न केवळ वनस्पतिशास्त्राचा राहत नाही.

दोन्ही प्रजाती वरून राखाडी-हिरवट, खालून काळ्या. पर्लाटमच्या कडांवर पिठासारखी भुकटी आणि बारीक काळे केस असतात. टिंक्टोरमच्या पृष्ठभागावर सूक्ष्म काड्यांसारखे दाट उंचवटे असतात, कडेला केस बहुधा नसतात. मात्र वाळून चुरलेल्या मालात या खुणा टिकत नाहीत.

तेव्हा रसायनाचा आधार घ्यावा लागतो. वरचा थर खरवडून आतील पांढऱ्या भागावर ब्लीचिंग पावडरच्या ताज्या द्रावणाचा थेंब टाकला की टिंक्टोरम तत्काळ लाल होते. ही किमया तिच्यातील लेकॅनोरिक आम्लाची. पर्लाटमवर या थेंबाचा परिणाम होत नाही. तिच्यात स्टिक्टिक आम्ल असल्याने पोटॅशियम हायड्रॉक्साईडने ती पिवळी पडते. शैवाके ओळखण्याची ही रीत फिनलंडचे विल्यम नायलँडर यांनी १८६६ मध्ये रूढ केली.

लेकॅनोरिक आम्ल असलेल्या शैवाकांपासून अमोनिया व हवेच्या साहाय्याने जांभळा रंग काढता येतो. ‘टिंक्टोरम’ म्हणजे ‘रंगाऱ्यांचे’; सांगानेरच्या शेजारी असलेल्या जयपूरला हे नाव परके वाटू नये.

शैवाके वर्षाला जेमतेम काही मिलिमीटर वाढतात. दगडफुलाची शेती होत नाही. सारा माल जंगलातून खरवडून आणलेला असतो. तो एकाच नावाने विकला जात असल्याने कोणती प्रजाती किती तोडली गेली, हे पुडीवरून कळत नाही. नमुने पडताळण्यासाठी शैवाकांचे मोठे संग्रह लखनौच्या राष्ट्रीय वनस्पती संशोधन संस्थेत आणि पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत आहेत.