हॉकीला पोरं आणायची कुठून?

बारावीचा निकाल लागला की आमच्या कॉलेजात प्रवेशाची झुंबड उडते. बाकीचे प्राध्यापक टक्के बघतात. मी खेळाचा मास्तर, अर्जासोबतची क्रीडा प्रमाणपत्रं चाळतो. कबड्डी, खो-खो, व्हॉलीबॉल, क्रिकेट यांची चळत निघते. हॉकीचं एखादं सापडलं तर नशीब! हिंगोली जिल्ह्यातल्या छोट्या कॉलेजात हॉकीचा संघ बांधायचा, तर आडातच नाही ते पोहऱ्यात आणावं लागतं.

आमचं स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ नांदेडचं. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत गाठ पडते ती नांदेडच्या पोरांशी. त्या शहरात हॉकी रुजलेली आहे. गुरू गोविंदसिंगांच्या नावानं तिथं अखिल भारतीय स्पर्धा भरते, बाहेरचे तगडे संघ येतात. आमच्या पोरांनी हॉकी पाहिली ती मोबाइलवर, २०२१ साली टोकियोत भारताला ४१ वर्षांनी ऑलिंपिक पदक मिळालं तेव्हा.

म्हणून मी आधी खो-खोवाल्यांना गाठतो. वाकून पळणं, पळता पळता झटकन दिशा बदलणं त्यांच्या अंगात असतं आणि हॉकी वाकूनच खेळायची असते. क्रिकेटवाल्याच्या हातात जोर असतो, पण तो दोन्ही हात वर जुळवून स्टिक बॅटसारखी धरतो. डावा हात वर, उजवा खाली, हे अंगवळणी पडायला वेळ लागतो. स्टिकची एकच बाजू सपाट. मागच्या गोल बाजूनं चेंडू खेळला की फाऊल. डावखुऱ्यालाही सवलत नाही, त्याची वेगळी स्टिक नसतेच.

खरी पंचाईत गोलकीपरची. चेंडू साधारण १६० ग्रॅमचा, क्रिकेटच्या चेंडूइतका जड आणि टणक. त्याच्यासमोर उभं राहायला छाती लागते, शिवाय पॅड, किकर, हेल्मेट लागतं. एवढ्या खर्चात कबड्डीचा अख्खा संघ उभा राहतो. ऑलिंपिक हॉकी १९७६ पासून टर्फवर गेली. आमचं मैदान मुरमाचं, तिथं चेंडू कधी गुडघ्यावर उसळेल सांगता येत नाही.

पोरगं तयार झालं तरी घरचे विचारतात, “सर, यानं नोकरी लागते का?” हिंगोलीत राज्य राखीव पोलीस दलाचा गट आहे, त्यामुळे भरतीचं वारं घरोघरी. शासकीय नोकरीत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे, पण ते वरच्या स्पर्धांत पदक मिळवणाऱ्यांना, हे मी स्पष्ट सांगतो. खोटी आशा दाखवून आणलेलं पोरगं दिवाळीनंतर टिकत नाही. मुलींच्या बाबतीत तर सरावाची वेळ एसटी ठरवते. गावाकडची शेवटची गाडी चुकली की दुसऱ्या दिवसापासून सराव बंद.

तरी हे जमणारच नाही असं नाही. शेजारच्या यवतमाळचा आकाश चिकते भारताचा गोलकीपर झालाच की! पण अठराव्या वर्षी पहिल्यांदा स्टिक धरून तिथवर जाता येत नाही. कॉलेजची भरती खरं तर आठवीच्या वर्गात सुरू व्हायला हवी. अकरा पोरं आणि मोठं मैदान नसेल तर पाच-पाच जणांची हॉकी खेळता येते. २०२४ मध्ये मस्कतला तिचा विश्वचषकही झाला. सेनगाव, कळमनुरी, औंढा, वसमतच्या मुख्याध्यापकांना माझी एवढीच विनंती: आठवड्यातला एक तास हॉकीला द्या. शिकवायला आम्ही येतो.