बटण दाबले नाही तरी

थॉमस होम्स आणि रिचर्ड राही या अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांनी १९६७ साली आयुष्यातल्या घटनांची मोजपट्टी तयार केली. तीत ४३ घटना होत्या आणि प्रत्येकीपुढे ताणाचे गुण होते : जोडीदाराचा मृत्यू १००, घटस्फोट ७३, लग्न ५०, सुटी १३. आनंदाचे प्रसंगही यादीत आले, कारण बसलेली घडी मोडून नवी बसवण्याचे श्रम त्यांतही पडतात. भारतात गुरमीत सिंग आणि सहकाऱ्यांनी १९८४ मध्ये ५१ घटनांची वेगळी पट्टी केली. मुलीचे किंवा बहिणीचे लग्न तीत आहे आणि अमेरिकी यादीत न सापडणारे ‘मुलगा नसणे’ही आहे. ताणाची यादी समाज आपापली बनवतो, हे एवढ्यावरूनही दिसते.

मात्र या बेरजेवरून आजाराचे भाकीत फारसे करता येत नाही. राही यांनी अमेरिकी नौदलातल्या सुमारे अडीच हजार खलाशांचे गुण मोजले आणि नंतर समुद्रावर कोण किती आजारी पडले हे पाहिले. संबंध मिळाला, पण अगदी क्षीण. सारखेच गुण असलेल्या दोघांपैकी एक खचतो आणि दुसरा निभावून नेतो. मानसशास्त्रज्ञ रिचर्ड लाझारस यांच्या मते हा फरक घटनेचा माणूस काय अर्थ लावतो यातून पडतो : यात आपले काय बिघडणार आहे आणि आपल्याला काय करता येईल? जूलियन रॉटर यांनी १९६६ मध्ये त्यातला दुसरा प्रश्न उचलला. आयुष्याची सूत्रे आपल्या हाती आहेत की नशिबाच्या आणि वरच्यांच्या, या समजुतीत माणसामाणसांत पक्का फरक असतो आणि तो प्रश्नावलीने मोजता येतो, असे त्यांनी दाखवले.

समजुतीचा परिणाम सर्वांत स्पष्ट दिसला तो गोंगाटाच्या प्रयोगांत. डेव्हिड ग्लास आणि जेरोम सिंगर हे शहरी जीवनाच्या ताणाचा अभ्यास करत होते. स्पॅनिश आणि आर्मेनियन भाषांतले बोलणे, टंकलेखन यंत्र, हिशेबाचे यंत्र आणि सायक्लोस्टाइल यांचे आवाज त्यांनी एकमेकांवर चढवले आणि हा कल्लोळ १०८ डेसिबलपर्यंत वाढवून काम करणाऱ्यांच्या कानावर मधूनमधून सोडला. गोंगाट चालू असताना बहुतेकांचे काम ठीक चालले. माणसाला सवय होते. किंमत चुकवावी लागली ती आवाज थांबल्यावर. न सुटणारी कोडी त्यांनी लवकर सोडून दिली आणि मुद्रितशोधनात जास्त चुका त्यांच्या नजरेतून निसटल्या. आवाज अनियमित असेल तर हे जास्त घडले.

मग काहींना एक बटण दिले गेले. फारच असह्य झाले तर दाबा, आवाज बंद होईल. पण शक्यतो दाबू नका, असे त्यांना सांगितले होते. बहुतेकांनी बटणाला हातही लावला नाही. आवाज त्यांनीही तेवढाच ऐकला, तरी नंतरच्या कामात ते पुष्कळच सरस ठरले. आवाज थांबवता येईल ही खात्री पुरेशी झाली. मिरवणुकीतला डीजे लावणाऱ्याला आणि शेजारच्या इमारतीत झोपू पाहणाऱ्याला सारखा का लागत नाही, याचे अर्धे उत्तर इथे मिळते.

त्याच काळात मार्टिन सेलिग्मन आणि स्टीव्हन मायर हे मानसशास्त्रज्ञ कुत्र्यांवर प्रयोग करत होते. आज ते क्रूर वाटतात. विजेचे झटके थांबवण्याचा कोणताही मार्ग ज्यांना आधी नव्हता, त्यांतले बरेच कुत्रे नंतर समोरचा बुटका अडथळा ओलांडून सुटणे शक्य असतानाही पडून राहिले. ‘शिकलेली असहायता’ हे त्याचे नाव पाठ्यपुस्तकांत रुजले. पण २०१६ मध्ये याच दोघांनी मेंदूवरच्या नव्या संशोधनाच्या आधारे आपला सिद्धान्त उलटा केला. दीर्घ त्रासापुढे हातपाय गाळणे हा मेंदूचा मूळ प्रतिसाद आहे आणि मेंदूच्या तळाकडच्या सेरोटोनिन स्रवणाऱ्या पेशी तो चालवतात. शिकावे लागते ते उलट : आपल्या कृतीने फरक पडतो हे. ते उमगले की मेंदूचा पुढचा भाग त्या पेशींना आवर घालतो. आपला सिद्धान्त पन्नास वर्षांनी स्वतःच मोडीत काढणारे शास्त्रज्ञ विरळाच.

ताणाविषयीची समजूतही निरुपद्रवी नसावी. अमेरिकेत १९९८ साली सुमारे २९ हजार प्रौढांना विचारले गेले की ताण किती आहे आणि त्याने प्रकृती बिघडते असे वाटते का. २००६ पर्यंतच्या मृत्यूंच्या नोंदींशी ही उत्तरे ताडली. खूप ताण आणि तो घातक असल्याची खात्री, दोन्ही असलेल्यांत अकाली मृत्यूचा धोका ४३ टक्क्यांनी जास्त निघाला. यावरून समजूतच मारते असे मात्र म्हणता येणार नाही. ज्यांची प्रकृती आधीच ढासळली आहे, त्यांना ताण घातक वाटणे साहजिकच आहे.

‘विचार बदला, ताण पळेल’ असे सांगणाऱ्या शिबिरांना संबंध आणि कारण यांतला हा फरक सोयीचा नसतो. गोंगाटाच्या प्रयोगातले बटण निदान हाताशी तरी होते. ज्याच्याकडे बटणच नाही, त्याला ते असल्याची कल्पना करायला सांगून भागत नाही. लंडनमधल्या दहा हजारांहून अधिक सरकारी कर्मचाऱ्यांच्या ‘व्हाइटहॉल’ अभ्यासात खालच्या श्रेणीतल्यांना हृदयविकार जास्त आढळला. १९९७ मध्ये मायकेल मार्मट आणि सहकाऱ्यांनी या तफावतीची कारणे तपासली, तेव्हा सर्वांत मोठा वाटा निघाला तो कामावर स्वतःचा ताबा नसण्याचा : काम कधी, कसे आणि किती वेगाने करायचे, यात कर्मचाऱ्याला काहीच म्हणता न येण्याचा.