वऱ्हाडचा कापूसव्यापार (अमेरिकन यादवी युद्ध ते दुसरे महायुद्ध)

अमरावती, अकोला, बुलढाणा, यवतमाळ व वाशीम या जिल्ह्यांचा समावेश असलेल्या वऱ्हाड प्रदेशातील कापसाच्या खरेदी-विक्रीचा व निर्यातीचा व्यवहार. पूर्णा नदीच्या खोऱ्यातील काळी, ओल धरून ठेवणारी जमीन कापसाला मानवते. त्यामुळे येथे हे पीक फार पूर्वीपासून घेतले जाते. तथापि एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून या कापसाचा भाव स्थानिक पाऊसपाण्याइतकाच, किंबहुना त्याहून अधिक, अमेरिकेतील घडामोडींवरून ठरू लागला. अमेरिकेतील युद्ध, सुबत्ता व मंदी यांचे पडसाद अमरावती आणि अकोला येथील बाजारांत कसे उमटले, हा या व्यापाराच्या इतिहासातील सर्वांत लक्षणीय भाग होय.

एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात वऱ्हाडचा कापूस बैलांच्या तांड्यांवर लादून गंगाकाठच्या मिर्झापूरला जाई. तो मुंबईकडे वळविण्याचा प्रारंभ विकाजी व पेस्तनजी मेहेरजी या पारशी बंधूंच्या पेढीने १८२५-२६ च्या सुमारास केला. १८५३ च्या तहाने निजामाने वऱ्हाड ईस्ट इंडिया कंपनीच्या स्वाधीन केले. हैदराबादच्या तैनाती फौजेच्या खर्चाची थकबाकी हे त्याचे प्रत्यक्ष कारण असले, तरी कापसाचा हा मुलूख हाती यावा अशी लँकाशरच्या गिरणीमालकांची इच्छाही लपून राहिलेली नव्हती.

त्या काळी ब्रिटिश गिरण्यांना लागणाऱ्या रुईपैकी सु. ७५ ते ८० टक्के रुई अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांतून येई व ती गुलामांच्या श्रमावर पिकत असे. एप्रिल १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध सुरू झाले आणि उत्तरेकडील आरमाराने दक्षिणेच्या बंदरांची नाकेबंदी केली. लिव्हरपूलच्या बाजारात अमेरिकन रुईचा भाव युद्धापूर्वी पौंडाला सहा-सात पेन्स होता. तो १८६४ मध्ये २७ पेन्सांच्या आसपास गेला. आखूड धाग्याची आणि कचरा मिसळलेली म्हणून एरवी नाके मुरडली जाणारी हिंदुस्थानी रुई मिळेल त्या भावाने उचलली जाऊ लागली. लिव्हरपूलच्या व्यापारी परिभाषेत वऱ्हाडच्या रुईला ‘ऊमरा’ हे नाव पडले. उमरावती या अमरावतीच्या जुन्या नावाचे ते संक्षिप्त रूप होय.

या तेजीचा मोठा वाटा मुंबईत राहिला. तेथे आलेल्या अमाप पैशातून बँका आणि समुद्र हटवून जमीन मिळविणाऱ्या कंपन्या निघाल्या व प्रेमचंद रायचंद यांच्यासारखे दलाल अल्पावधीत कोट्यधीश झाले. वऱ्हाडातही शेतकऱ्यांच्या हाती रोख रक्कम आली. लग्नकार्ये थाटाची झाली आणि ज्वारीची काही शेते कापसाखाली गेली. परंतु पीक उभे असतानाच सावकाराकडून उचल घेतलेल्या शेतकऱ्याला बाजारभाव क्वचितच मिळे. एप्रिल १८६५ मध्ये दक्षिणेचा सेनापती ली शरण गेला आणि भाव कोसळले. १ जुलै १८६५ या वायदे फेडण्याच्या दिवशी मुंबईतील अनेक पेढ्या बुडाल्या. पुढे बँक ऑफ बाँबेही मोडीत निघाली.

वऱ्हाडच्या पायाभूत सुधारणा मात्र तेजी ओसरल्यावर पूर्ण झाल्या, ही गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. वऱ्हाडातून जाणारा लोहमार्ग नागपूरपर्यंत १८६७ मध्ये पोचला. त्याचा खामगावचा फाटा १८७० मध्ये व बडनेऱ्याहून अमरावतीचा फाटा १८७१ मध्ये सुरू झाला. त्या वेळी अकोला जिल्ह्यात असलेल्या खामगावी गव्हर्नर जनरल लॉर्ड मेयो जातीने आला होता. मुंबई-लंडन समुद्री तार १८७० मध्येच जोडली गेल्याने लिव्हरपूलचा भाव त्वरित वऱ्हाडात कळू लागला. पण तो कळे तो रॅली ब्रदर्स, व्होल्कार्ट ब्रदर्स यांसारख्या परदेशी पेढ्यांच्या मुनिमांना आणि अडत्यांना. गाडी घेऊन पेठेत आलेल्या शेतकऱ्याचा सौदा दलाल रुमालाखाली बोटे दाबून परस्पर ठरवीत. त्यातच १८६१ पासून मुंबई इलाख्याच्या धर्तीवर सुरू झालेल्या रयतवारी मोजणीने जमीन विक्रीयोग्य व म्हणून तारण ठेवण्याजोगी झाली होती. तेजीतील पत हे मंदीतील कर्ज ठरले. १८९९-१९०० च्या दुष्काळात ही दुर्बलता उघडी पडली. १८९१ मध्ये सु. २९ लक्ष असलेली वऱ्हाडची लोकसंख्या १९०१ मध्ये सु. २७.५ लक्षांवर आली.

बाजारातील फसवणुकीस आळा घालण्यासाठी १८९७ मध्ये वऱ्हाड कापूस व धान्यबाजार कायदा झाला. नियंत्रित बाजारपेठांचा हा हिंदुस्थानातील पहिला कायदा होय. कारंजा येथे तसा बाजार त्यापूर्वीच, १८८६ मध्ये, स्थापन झाला होता. तथापि बाजार समित्यांत व्यापाऱ्यांचेच प्राबल्य राहिले.

पहिल्या महायुद्धानंतरच्या दशकात अमेरिकेत सर्वत्र सुबत्ता नांदत होती, असा समज आहे. तेथील कापूस-शेतकऱ्यांच्या वाट्याला ती फारशी आली नाही. बोल वीव्हिल या बोंडे पोखरणाऱ्या सोंड्याने १९२१ च्या सुमारास तेथील पीक निम्म्याच्या आसपास आणले. न्यूयॉर्कचा भाव १९२३ मध्ये पौंडाला ३० सेंटांवर गेला आणि कीड अमेरिकेत असली, तरी तेजी वऱ्हाडात आली. पुढे १९२६ मध्ये अमेरिकेत सु. १ कोटी ८० लक्ष गाठींचे विक्रमी पीक निघाले व भाव घसरले. म्हणजे ऑक्टोबर १९२९ मध्ये न्यूयॉर्कचा शेअरबाजार कोसळला, तेव्हा वऱ्हाडचा शेतकरी आधीच उतरणीला लागला होता. १९२९ मध्ये सु. १७ सेंट असलेला अमेरिकन भाव १९३१ च्या हंगामात सहा सेंटांच्याही खाली गेला. शेतसारा व कर्जाचे हप्ते रोकड रकमेत ठरलेले असल्याने भाव निम्म्यावर येताच त्यांचा भार आपोआप दुप्पट झाला. घराघरांतील सोने बाजारात आले.

या संकटाला दोन्हीकडे मिळालेले उत्तर भिन्न होते. अमेरिकेत रूझवेल्ट शासनाने १९३३ मध्ये सु. एक कोटी एकर क्षेत्रातील उभा कापूस नांगरून टाकण्यासाठी शेतकऱ्यांना मोबदला दिला. मध्य प्रांत व वऱ्हाडात, अमरावतीचे पंजाबराव देशमुख मंत्री असताना त्यांच्या पुढाकाराने, १९३३ मध्येच कर्जलवाद कायदा संमत झाला. पहिला उपाय भावाला हात घालणारा होता. दुसरा केवळ जुन्या कर्जापुरता, पण सावकाराला तडजोडीस बसविणारा होता. ऊमरा रुईचे सर्वांत मोठे गिऱ्हाईक तोपर्यंत जपान झालेले होते. जपानी कापडावरील जकात वाढल्याने १९३३ मध्ये त्यानेही हिंदुस्थानी रुईवर बहिष्कार घातला. १९३४ च्या करारात कापडाच्या आयातीची रुईच्या खरेदीशी सांगड घातल्यावर तो मिटला.

न्यूयॉर्कचे भाव तारेने मुंबईस येत. तेथील उघडत्या व बंद भावांच्या आकड्यांवर मुंबईत जुगार चाले. १९६० नंतर हे आकडे येणे थांबले, तेव्हा त्यांची जागा चिठ्ठ्यांनी व पत्त्यांनी घेतली. मटका या जुगाराचे मूळ हे असे कापसात आहे.

दुसऱ्या महायुद्धाने पहिल्या तेजीची पुनरावृत्ती केली नाही. जुलै १९४१ मध्ये जपानशी व्यापार थांबला, डिसेंबरात जपानने पर्ल हार्बरवर हल्ला केला आणि आखूड धाग्याच्या रुईला गिऱ्हाईक उरले नाही. शासनाने अशा रुईची काही खरेदी केली; ‘अधिक धान्य पिकवा’ मोहिमेत कापसाची शेते पुन्हा ज्वारीखाली आली. १९४३ मध्ये कापडावर नियंत्रण आले आणि कापूस पिकविणाऱ्यांनाही धोतर-लुगड्यासाठी रांगेत उभे राहावे लागले.

स्वातंत्र्योत्तर काळात अकोला येथे १९६९ मध्ये कृषी विद्यापीठ स्थापन झाले. त्यास पंजाबराव देशमुखांचे नाव आहे. १९७२ पासून सुमारे तीन दशके राज्याची कापूस एकाधिकार खरेदी योजना चालू होती. तिचा ऱ्हास होत असतानाच, २००२ मध्ये, अमेरिकेतील मॉन्सँटो कंपनीच्या तंत्रज्ञानावर आधारलेल्या बीटी वाणांना भारतात परवानगी मिळाली. मूळच्या अमेरिकन जातीच्या या संकरित कापसाने वऱ्हाडातील देशी कापसाचे बहुतेक क्षेत्र व्यापले आणि लिव्हरपूलला ज्याची ओळख ‘ऊमरा’ अशी होती, तो कापूस आता तेथील शेतांत क्वचितच आढळतो.